मोहफूल म्हणजे मध नव्हे

एप्रिल आला की गडचिरोलीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: "मोहात साखर इतकी की तो मधासारखा वर्षानुवर्षं टिकतो. दोन दिवस ऊन द्या, पोत्यात भरा, कडुलिंबाचा पाला टाका. काळा पडला तरी चालतो, शेवटी आंबवायचाच असतो." हे वाचून यंदा कुणी मोह भरू नये, म्हणून लिहितो.

मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, त्यावर माशीनं मेणाचं झाकण लावलेलं. झाडाखालून वेचलेल्या मोहात मात्र निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आणि वाळल्यावर तीच साखर हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात गुळाची ढेप पाझरते ना, तसंच.

दोन दिवसांच्या उन्हात फूल वरून सुकतं, आतला गर ओलाच राहतो. आमच्याकडे चार-पाच दिवस लागतात, तेही मातीवर न पसरता ताडपत्रीवर, रोज खालीवर करून. मूठभर फुलं दाबून सोडा. मनुक्यांसारखी सुटी झाली तर भरा, गोळा राहिला तर अजून ऊन द्या.

पोत्याचं म्हणाल तर मागल्या वर्षी घाईत आम्हीच प्लास्टिकचं पोतं भरून मातीच्या भिंतीला टेकवलं. पोळ्याच्या आधी उघडलं तर वरचा मोह लालसर, चांगला. हात खाली घातला तर ढेकूळ. फोडलं तर आत पांढरी बुरशी, आंबट कुबट वास. आजीची शेणमातीनं लिंपलेली, साठवणीची बांबूची ढोली पाटावर, भिंतीपासून हातभर लांब असायची. ते का, हे तेव्हा कळलं.

कडुलिंबाचा पाला किडीपुरता ठीक. पण पाला ओला असेल तर पाणी आपणच आत घालतो.

मेसेजमधल्या शेवटच्या वाक्याचा, "काळा पडला तरी चालतो" याचा, मला खरंच राग येतो. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. आमच्या घरी मोह भाजून, तिळासोबत कुटून लाडू होतात. पोरं ते खातात. आणि आंबवणं हे यीस्टचं काम, बुरशीचं नाही. काही बुरश्यांचं विष शिजवूनही जात नाही. म्हणून "खराब मोह बैलांना घाला" हा सल्लाही आम्ही ऐकला नाही. ते सगळं ढेकूळ उकिरड्यात पुरलं.