‘उत्क्रांती ही नुसती थिअरी’? पऱ्हाटीच्या वावरात या, दाखवतो

गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. उत्क्रांती ही नुसती थिअरी, म्हणजे शास्त्रज्ञांचा अंदाज. खरी असती तर एव्हाना तिचा नियम झाला असता. आणि ती होताना कोणी डोळ्यांनी पाहिली? आमच्या यवतमाळकडे तो शाळकरी पोरांच्या मोबाइलवरही पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘थिअरी म्हणजे अंदाज.’ नाही. तपासायला घेतलेल्या अंदाजाला विज्ञानात गृहीतक म्हणतात. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं लाल पडली की कोणी म्हणतं, मॅग्नेशियम कमी पडलं. हे झालं गृहीतक. काही ओळींवर मॅग्नेशियम सल्फेट फवारा, शेजारच्या ओळी तशाच ठेवा आणि पाहत राहा. फरक नाही पडला तर नत्र कमी आहे का, रात्रीची थंडी भोवली का, ते बघा. आणि फरक पडला तरी त्याची थिअरी होत नाही, त्या वावराचं उत्तर मिळतं. थिअरी, म्हणजे सिद्धांत, जीवाश्मांपासून डीएनएपर्यंत असंख्य ठिकाणी तपासून टिकलेला असतो आणि हे सगळं असं का घडतं ते एकत्र उलगडून सांगतो. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धांतच. त्याच्याच भरवशावर आपण लेकरांना लस टोचून आणतो.

‘सिद्ध झाली की नियम होतो.’ अशी बढती विज्ञानात नसते. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम १६८७ चा. बुध ग्रहाच्या कक्षेतला एक बारीक फरक त्यात बसत नव्हता. तो उलगडला आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताने.

‘कोणी पाहिली?’ आपण पाहिली, आणि तिचे पैसेही मोजले. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा कापूस, २००२ मध्ये आला, अशा विषाची दोन जनुकं असलेला २००६ मध्ये. तरी २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापसाची कवडी. ‘बियाण्याचा जोर संपला’ असं तेव्हा सगळे म्हणत होते. पण बदलली होती अळी. ज्या मोजक्या अळ्यांना बीटीचं विष बाधत नव्हतं त्या जगल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. अळी शेवटी अळीच राहिली ना, असं कोणी विचारेल. खरं आहे, नवी जात व्हायला सहसा फार मोठा काळ लागतो. पण पिढीगणिक गुण बदलण्याची रीत हीच, आणि ती आपल्या बोंडात दिसली.

हे होणार, हे सिद्धांताने आधीच सांगितलं होतं. म्हणून तर बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी सरकी यायची. तिच्यावर पोसलेल्या अळ्यांचे साधे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळले, तर पुढची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. आपल्याकडे ती पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही, आणि ती कशासाठी आहे हे नीट समजावून सांगणारंही फारसं कोणी आलं नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून बीटी होता. तिथे शेतकऱ्यांनी बिगरबीटीचे पट्टे राखले, आणि २००५ पर्यंत तीच गुलाबी अळी त्याच विषाने मरत राहिली.