वही भरली म्हणजे अभ्यास झाला का?

चार-पाच वर्षांच्या मुलाने एका अक्षराची दोन पानं भरली की आपल्याला हायसं वाटतं. अभ्यास झाला! मला हे पटत नाही. या वयातलं बरंचसं शिकणं वहीबाहेर होतं, आणि एका मुलाजवळ बसून ते करून घेण्याची सवड भरलेल्या वर्गापेक्षा घरात जास्त असते. म्हणून घराने शाळेची नक्कल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गणिताचंच बघा. माझी चार वर्षांची भाची पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते. तिच्यापुढे बटणं ठेवली. एकेकावर बोट ठेवत तिने सातही बरोबर मोजली. "मग एकूण किती गं?" विचारलं, तर पुन्हा एकपासून सुरुवात! शेवटी म्हटलेली संख्या म्हणजेच सगळी बटणं, हे तिला अजून उमगलेलं नव्हतं. अशा वेळी पुढचे पन्नास अंक पाठ करून घेऊन काय साधणार? "मला पाच दे", "आपल्या दोघींत सारखी वाट", "माझ्याकडे किती जास्त आहेत?" हे रोज व्हायला हवं.

पुढे मुलं तेवीसचे ३२ लिहितात आणि ओरडा खातात. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र दोन आधी. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, तिथल्या मुलांचाही असाच गोंधळ होतो. एकोणतीस तर त्याहून अवघड: कानावर पडतं तीस, लिहायचे २९. दहा-दहा काड्यांना रबर लावून दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या. २३ मधला दोन म्हणजे गठ्ठे, हे हाताला कळलं की लिहिणंही हळूहळू सुधारतं.

फाशांचे खेळ जरूर खेळा. २००८ साली गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांनी लहान मुलांना १ ते १० अंकांच्या सरळ पट्टीवर खेळायला दिलं. थोड्याच वेळच्या खेळाने मुलांची संख्यांची समज वाढली. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर तसं झालं नाही. खेळताना एक मात्र बघा. सोंगटी सहावर असेल आणि तीन पडले, तर मुलाने "एक, दोन, तीन" न म्हणता "सात, आठ, नऊ" म्हणत पुढे जायचं. बेरजेची सुरुवात इथेच होते.

वाचनात तक्ता ओळीने म्हणता येणं म्हणजे अक्षरओळख नव्हे. मधलंच एखादं अक्षर विचारा, लगेच कळेल. सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी संपेपर्यंत शब्दांसाठी थांबायचं कशाला? घ, र, म, न आणि एक काना एवढ्यावर घर, मन, मान, नारा वाचून होतात, आणि आपण वाचलं हा आनंद मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळतो. 'दिवा'ची वेलांटी आधी दिसते पण नंतर उच्चारायची, घ आणि ध सारखेच भासतात, दाटीच्या छपाईत 'ख'चा 'रव' होतो. इथे अडखळणं साहजिक आहे, तेव्हा चिडू नका.

गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं आणि बोललेलं समजणं यांचा गुणाकार, असं मांडलं. एक बाजू शून्य, तर सगळंच शून्य. म्हणून मूल स्वतः वाचायला लागल्यावरही त्याला मोठ्याने वाचून दाखवणं सोडू नका. गोष्टीवर गप्पा मारा.

लेखनाची तर अजिबात घाई नको. आधी बोटांत बळ येऊ दे: माती मळणं, कागद फाडणं, चित्रं काढणं. मूल सांगेल ते वाक्य त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा आणि त्याला वाचायला द्या. नंतर ते स्वतः लिहायला लागलं की प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर लाल खूण नको, नाहीतर जेवढं बिनचूक येतं तेवढंच मूल लिहील.

आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला नियमित सराव करूनही अक्षरं लक्षात राहत नसतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर शिकण्यातल्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. "आळशी आहे", "मोठं झालं की येईल" असं म्हणण्यात मोलाची वर्षं निघून जातात, आणि वाचनाच्या अडचणीत मदत लवकर मिळाली तरच तिचा जास्त उपयोग होतो.