‘तत्’वरून ‘दॅट’ आलेला नाही

“संस्कृतातल्या सः, सा, तत् यांवरून इंग्रजीतले ही, शी, दॅट आले, ‘ते’वरून ‘दे’ आला, म्हणून संस्कृत ही इंग्रजीची आई,” असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर कायम फिरत असतो. यातलं तत् आणि दॅट यांचं नातं खरं आहे. आई-लेकीचं मात्र ते नाही.

आधी खरा भाग. संस्कृतात सः, सा, तत्. गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातेवाईक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलात स, सो, थत. जुन्या इंग्रजीत से, सेओ, थॅट. (इथला ‘थ’ म्हणजे ‘थिंक’मधला घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा ध्वनी.) नुसते शब्दच नव्हे, त्यांतला विक्षिप्तपणाही सारखा आहे. ‘स’ फक्त पुल्लिंगी-स्त्रीलिंगी प्रथमा एकवचनात, बाकी सगळीकडे ‘त’: सः, पण तम्, तस्य. गॉथिकातही स, पण थन, थिस. ‘तस्मै श्रीगुरवे नमः’मधला तस्मै तिथे ‘थम्म’ होतो, ‘स्म’चा ‘म्म’ होऊन. अशी खोड वारशानेच येते. प्रश्न एवढाच, की वारसा कोणाचा?

“तत् आणि दॅट, शेवटचा त/ट तोच आहे.” नाही. या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं मूळ रूप ‘तोद्’ असं मानलं जातं, शेवटी द्. ‘तदेव’ हा त्याचा पुरावा म्हणून देऊ नये. संधीत जगत्+ईशचाही जगदीश होतो. पुरावा लॅटिनमधल्या ‘इस्तुद्’ आणि ‘क्वोद्’ या रूपांत आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या कुळात) मूळ त चा थ होतो (त्रयः, थ्री) आणि द चा ट (दश, टेन, द्वौ, टू). म्हणजे दॅटचा आरंभ ‘त’पासून आणि शेवट ‘द’पासून आला. आज आपल्याला सुरुवातीला ‘द’ ऐकू येतो, तो नंतरचा बदल: मध्ययुगीन इंग्रजीत आघात न पडणाऱ्या किरकोळ शब्दांतला हा घर्षक घोष झाला, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारला जाऊ लागला. थिंकमधला राहिला तसाच.

“संस्कृत जास्त जुनी, म्हणून तीच आई.” वय हा आईपणाचा पुरावा नव्हे. कसोटी अशी: आईने दोन ध्वनी एकत्र मिसळून टाकले असतील, तर लेकीला ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. वैदिक प्रश्नार्थक ‘कद्’ घ्या. लॅटिनमध्ये तो क्वोद्, जुन्या इंग्रजीत ह्वॅट. आता ‘क्रविस्’, म्हणजे कच्चं मांस, घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा जोडीदार ‘ह्रेआव’, आजचा ‘रॉ’. संस्कृतात दोन्हीकडे साधा क. इंग्रजीत मात्र एकीकडे ह्व आणि दुसरीकडे नुसता ह. इंग्रजी संस्कृतातून निघाली असती, तर कुठल्या ‘क’ला ‘व’ जोडायचा हे तिला कळलं कसं? हा भेद मुळात होता, संस्कृतने तो गमावला आणि जर्मानिकने जपला. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स 1786 मध्ये कोलकात्यात बोलले तेव्हाही त्यांनी संस्कृतला आई म्हटलं नव्हतं. बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमाबद्दल ते बोलले होते.

“सः वरून ही, ते वरून दे.” ‘ही’ हा ‘हा’ अशा अर्थाच्या निराळ्याच मुळापासून आला. गॉथिकात ‘हिम्म दग’ म्हणजे ‘या दिवशी’, लिथुआनियनमध्ये ‘शिस’ म्हणजे ‘हा’. ‘हिअर’ त्याच घरातला. ‘दे’ तर इंग्रजीचा घरचा शब्दच नाही: व्हायकिंग वसाहतींबरोबर आलेल्या स्कँडिनेव्हियन ‘थेइर’पासून तो घेतला. इंग्रज कवी चॉसर 14व्या शतकात ‘दे’ वापरतो, पण ‘देम’च्या जागी अजून जुना ‘हेम’च लिहितो. ‘ते’शी नातं आहेच, पण नॉर्सच्या, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियनच्या, वळणाने. ‘शी’चं मूळ सेओ की हेओ, हा वाद अजून मिटलेला नाही; फॉरवर्डमध्ये तो एका बाणात मिटवलेला असतो!

“‘दिस’ (this) सुद्धा संस्कृतच.” इथे तर दगडात कोरलेला पुरावा आहे. डेन्मार्कच्या रूनशिलांवर (रून या जुन्या लिपीत कोरलेल्या दगडांवर) ‘स्टइन थन्सि’, म्हणजे ‘हा दगड’ (द्वितीया), असे शब्द वारंवार येतात. थन + सि: ‘थन’ म्हणजे वर आलेलं तेच रूप, तम्‌चं भावंड, आणि त्याला जवळ दाखवणारा ‘सि’ हा प्रत्यय. 965च्या सुमाराच्या येलिंग शिळेवर अनेकवचनी ‘थउसि’ आहे. इथे विभक्ती शब्दाच्या पोटात आणि ‘सि’ शेवटी. पुढे बोलणाऱ्यांना हा जोड जाणवेनासा झाला आणि विभक्ती मागे सरकली: जुन्या इंग्रजीत थिसेस, थिसुम. संस्कृतातला ‘हा’ म्हणजे अयम्, इयम्, इदम् किंवा एषः. ‘थन + सि’ हा जोड त्यांत नाही.

“‘द’ (the) हे उपपद तद्‌वरून.” संस्कृतात निश्चित उपपदच नाही. जर्मानिक भाषांनी ते दर्शकांतून स्वतंत्रपणे घडवलं, तेही एकसारखं नाही: नॉर्सने ते नामाच्या शेपटीला जोडलं. इंग्रजीत ‘से’चा ‘थे’ झाला, कारण बाकी सगळी रूपं थ ने सुरू होत होती. लिंडिसफार्नच्या लॅटिन बायबल-हस्तलिखितात ओळींमध्ये 10व्या शतकात लिहिलेल्या इंग्रजी अर्थांत तो दिसतो. मराठी-कोकणीनेही नेमकं हेच केलं. प्राकृतात ‘सो’ होता, जुन्या हिंदीत तो टिकला. आपल्याकडे तम्, तस्यच्या कुळातल्या ‘त’ने प्रथमाही बळकावली आणि ‘तो’ झाला. दोन्ही बदल एकमेकांशी संबंध न येता घडले.