‘केडी पाहा, खेळाडू कळेल’ या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश टाकला आणि खाली लिहिले, ‘मामा, आम्ही असेच करणार आहोत.’ ‘गेम बनवणाऱ्यांसाठी आकडेवारीचे पाच नियम’ असा त्याचा मथळा होता आणि महाविद्यालयाच्या तीन गटांवरून फिरून तो त्याच्यापर्यंत पोहोचला होता. भाचा आणि त्याचे मित्र नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका खोलीत वर्षभर रात्री जागून मोबाइलसाठी गेम तयार करत आहेत. त्यात चार-चार जणांचे दोन संघ असतात, समोरच्या किल्ल्यातला झेंडा आपल्या किल्ल्यात आणायचा असतो आणि वाटेत पडलेल्या साथीदाराला उठवायचे असते. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी उत्पादनाच्या नोंदींची प्रणाली लिहितो. फलकावर कोणता आकडा लावला यावरून पाळीतली माणसे कोणत्या कामाकडे वळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, म्हणून हा संदेश वाचून मला गप्प बसवले नाही.

संदेशातला पहिला नियम असा: ‘केडी हेच खरे कौशल्य; बाकी सगळे आकडे शोभेचे.’ केडी म्हणजे खेळाडूने किती जणांना मारले, भागिले तो स्वतः किती वेळा मेला. हा नियम पाचांतला सर्वांत चुकीचा आहे आणि सर्वांत जास्त नुकसान करणाराही आहे. भाच्याच्या वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींनी घेतलेल्या चाचणीतलाच एक सामना घ्या. एका मुलीने दोघांना मारले आणि ती सात वेळा मेली. म्हणजे तिची केडी ०.२९ भरली. त्याच सामन्यात तिने नऊ वेळा साथीदारांना उठवले, दोनदा झेंडा आणला आणि तिचा संघ जिंकला. केडीच्या यादीत मात्र ती आठ जणांत शेवटची होती. हा आकडा पडद्यावर ठळक दिसू लागला की पुढच्या सामन्यात ती झेंड्यासाठी धावणार नाही, पडलेल्याला उठवायला उघड्यावर जाणार नाही, कोपऱ्यात दबा धरून बसेल. आणि तिचे वागणे तिच्या दृष्टीने बरोबरच असेल, कारण गेमनेच तिला सांगितले की मोजले जाते ते एवढेच.

शिवाय या आकड्याचा छेदच पक्का नाही. पाच जणांना मारून एकदाही न मेलेल्याची केडी किती? शून्याने भागता येत नाही, म्हणून छेद एक धरला, तर एकदा मेलेला आणि एकदाही न मेलेला हे दोघे सारखेच ठरतात. क्रिकेटने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. ब्रॅडमनच्या ६,९९६ कसोटी धावांना त्याच्या ८० डावांनी भागले तर ८७.४५ येतात, पण दहा डावांत तो नाबाद होता, म्हणून ७० ने भागून ९९.९४ ही सर्वांना पाठ असलेली सरासरी मिळते. छेद कोणता हे आधी ठरले आणि सर्वांनी मान्य केले, म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे. तरीही वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम १९४८ साली एकच कसोटी डाव खेळला, त्यात त्याने ११२ धावा केल्या, आणि म्हणून त्याची सरासरी ब्रॅडमनच्याही वर आहे. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी खेळणारा शाळकरी मुलगाही त्यावरून गँटोमला ब्रॅडमनपेक्षा मोठा फलंदाज म्हणणार नाही. त्यासाठीच सरासरीच्या याद्यांना किमान वीस डावांसारखी अट असते. तीन सामने खेळलेल्याची केडी तीनशे सामने खेळलेल्याच्या शेजारी मांडणाऱ्या या संदेशात अशी कोणतीही अट नाही.

कौशल्य मोजण्याचे काम ज्यांनी गांभीर्याने केले त्यांनी काय केले, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने एक्सबॉक्स या आपल्या गेमयंत्रासाठी ट्रूस्किल ही पद्धत तयार केली. ती सामन्यात कोणी किती जणांना मारले हे पाहतच नाही. कोणता संघ जिंकला आणि कोणता हरला, एवढेच पाहते. नव्या खेळाडूला ती २५ हा अंदाज देते आणि त्यासोबत ८.३३ इतकी अनिश्चितताही नोंदवते. दाखवायचा आकडा काढताना अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा होते, म्हणून नवखा शून्यापासून सुरुवात करतो आणि सामने वाढून अंदाज पक्का होत गेला की मगच त्याचा आकडा वर चढतो.

इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते, आणि ती मी आनंदाने करत नाही. २०१८ साली याच विभागाने ट्रूस्किल २ मांडली, तेव्हा तिच्यात मारलेल्यांची आणि मरणांची संख्याही घेतली गेली, आणि हेलो ५ या गेमच्या जुन्या सामन्यांचे निकाल ओळखण्याची अचूकता ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेली. म्हणजे त्या संख्यांत माहिती आहे, हे खरे. पण तिथे त्या एकट्या नाहीत. खेळाडूचा अनुभव, तो ओळखीच्या गटासोबत खेळतो की नाही, सामना अर्धवट सोडून जातो की नाही, हेही सोबत धरलेले आहे आणि पायाशी जिंकणे-हरणे आहेच. त्यामुळे ‘केडी हेच कौशल्य’ या विधानाला या सुधारणेतूनही आधार मिळत नाही.

पाचव्या नियमात पडद्यावर एकच आकडा मोठा दाखवावा, असे म्हटले आहे. तो पुष्कळ अंशी बरोबर आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आले तेवढेच विचारतात आणि त्यांना परिस्थिती कळते. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडायचे, हे मारुतीकडे पाहून कोणी ठरवत नाही. दाखवण्याचा आकडा एक असू शकतो, म्हणून साठवण्याचाही एकच असावा असे नाही.

यातच दुसऱ्या नियमाचे उत्तर आहे. ‘फक्त एकूण बेरजा साठवा’ हा सल्ला पाळला आणि उद्या मरण मोजण्याच्या रीतीत चूक सापडली, तर जुनी बेरीज दुरुस्त करायला हाताशी काहीच उरत नाही. प्रत्येक सामन्याची वेगळी नोंद ठेवावी आणि तिला स्वतःचा क्रमांक द्यावा, म्हणजे कसारा घाटात नेटवर्क तुटून तोच निकाल दोनदा पाठवला गेला तरी तो एकदाच धरला जाईल.

‘हिशेब खेळाडूच्या फोनमध्येच करा, सर्व्हरचा खर्च वाचेल’ या तिसऱ्या नियमावर फार लिहीत नाही. फोन खेळाडूच्या हातात असतो, त्यातला आकडा बदलणेही त्याच्याच हातात असते. स्टीम या गेम विकणाऱ्या मंचाच्या व्यवस्थेत एखादा आकडा फक्त गेमच्या सर्व्हरलाच बदलता यावा, असे ठरवण्याची सोय उगाच दिलेली नाही.

चौथा नियम, ‘प्रत्येक हालचाल नोंदवा, कधीतरी कामाला येईल’, हा मला अस्वस्थ करतो, कारण हा गेम आठवी-नववीतली मुले खेळणार आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ९ नुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि, काही सवलती सोडल्यास, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई आहे. मूल रात्री किती वाजता खेळते, हरल्यावर किती वेळाने परत येते, या नोंदींतून झेंडा कोणी आणला या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही; मग त्या घ्यायच्या कशासाठी?

रविवारी भाचा घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी त्यांचा नोंदींचा तक्ता उघडून प्रत्येक रकान्यापुढे तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते लिहिले. एकवीस रकान्यांपैकी आठांपुढे काहीच लिहिता आले नाही आणि ते त्याने तिथेच काढून टाकले. केडी सामन्याच्या नोंदीत राहिली आहे, पण पहिल्या पडद्यावर आता आणलेले झेंडे आणि उठवलेले साथीदार दिसतील. किमान किती सामन्यांनंतर क्रमवारी दाखवायची, यावर त्याच्या मित्रांचे अजून एकमत झालेले नाही. मी वीस सांगितले आहेत, त्यांना दहा पुरेसे वाटतात.