तोच बॉक्स, तोच लिक आणि वर फुकटचे सल्ले

काल डोकं फिरलं. संध्याकाळभर बसून गिटारवर एक धून बांधली आणि मित्राला ऐकवली. त्याने पुरती ऐकलीसुद्धा नाही. "छान आहे रे, पण ही तू मागेच ऐकवली होतीस ना?" नव्हती ऐकवली! पट्टी वेगळी, लय वेगळी, कॉर्ड वेगळे. तरी त्याला ती जुनी वाटली. एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण नाही, लगेच सल्ला: "थोडे दिवस ब्रेक घे. गिटारला हातच लावू नकोस. आपोआप सुचेल."

आपोआप! आपोआप काय होतं ते मी सांगतो. बोटांच्या टोकांना आलेले घट्टे मऊ पडतात, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा तो) धरला की पहिली तार खरखरते, आणि चार दिवसांनी गिटार मांडीवर घेतली की तर्जनी न विचारता थेट पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या पाचव्या घरात, जाऊन बसते. येरे माझ्या मागल्या! सुट्टीत डोकं विसरतं, बोटं काही विसरत नाहीत. खोड बोटांत आहे आणि हे लोक औषध मनाला देतात.

ए मायनर पेंटॅटॉनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचा, तो पहिला बॉक्स, बोटांना पाठ झालेला तो आकार, ज्याने वाजवलाय त्याला वेगळं काही सांगायला नको. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला अनामिका, तार एक पूर्ण सूर वर ओढायची, मग दुसऱ्या तारेचा पाचवा, पहिल्या तारेचा पाचवा, आणि घसरत घसरत चौथ्या तारेच्या सातव्यावर, म्हणजे ए वर, मुक्काम. झालं! हाच तो लिक, बोटांत बसलेला ठरलेला तुकडा. सोलोची सुरुवात कुठूनही करा, शेवट तिथेच. मी ठरवून दुसरीकडे निघतो तरी हात तिथेच वळतो. असा संताप येतो की वाटतं ती अनामिका बांधून ठेवावी.

आणि हे वाद्यही त्याला साथ देतं. पियानोवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जुळणी बदलते, बोटांना नव्याने वाट शोधावी लागते. गिटारवर बी मायनर हवाय? तोच आकार दोन फ्रेट पुढे सरकवा. म्हणून तर पट्टी बदलूनही धून जुनी वाटते. कॅपोवाल्यांचंही तेच. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी-डी-ई मायनर-सी वाजवलं तर ते जी-डी-ई मायनर-सीच राहतं, फक्त वरच्या पट्टीत. याला नवी कल्पना म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तसेच ते पेडलवाले, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांचे भक्त. कुठेही तक्रार करा, उत्तर ठरलेलं: प्रतिध्वनी देणारा नवा डिले घे, घुमारा देणारा नवा रिव्हर्ब घे. अरे, शिळा लिक प्रतिध्वनीतून सोडला की तो चार वेळा शिळा ऐकू येतो! आणि "अजून स्केल शीक" म्हणणारे. डोरियन शिका, लिडियन शिका. शिकलो. त्यांचेही आकारच पाठ झाले. एका बॉक्समधून सुटून दुसऱ्यात अडकलो, एवढंच.

माझं म्हणणं साधं आहे. बोटांना जास्त देऊ नका, त्यांच्याकडून काढून घ्या. 1928 च्या आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याने जे सोलो वाजवले ते आजही भल्याभल्यांना झेपत नाहीत. लहानपणीच्या पोलिओने गायिका-गिटारवादक जोनी मिचेलचा डावा हात कमजोर झाला, म्हणून तिने तारा वेगळ्या सुरांत लावायला सुरुवात केली, आणि तिचे कॉर्ड कुणासारखेच वाटत नाहीत. मला कुणाचं दुःख गोड करून सांगायचं नाही. पण बोटांची नेहमीची वाट बंद झाली की कानाला काम करावं लागतं, हे या दोघांच्या वाजवण्यात धडधडीत ऐकू येतं. मग "ब्रेक घे" म्हणणाऱ्यांना ते का ऐकू येत नाही?

काल रागाच्या भरात सहावी तार ई वरून डी ला उतरवली, दुसरी बी वरून ए ला, पहिली ई वरून डी ला. डी-ए-डी-जी-ए-डी. लगेच सगळे पाठ आकार बेकार! जी चा कॉर्ड धरला तर भलतंच काहीतरी वाजलं. मग फक्त तिसऱ्या तारेवर वाजवायचं ठरवलं, बाकीच्या तारा मोकळ्या गुंजत ठेवून. एका तारेवर बॉक्स नसतो. पुढचा सूर कुठे आहे हे आधी गुणगुणावं लागतं, मग शोधावं लागतं, आणि चुकला तर तिथेच थांबून पुन्हा ऐकावं लागतं. फार हळू जातं. बोटं चिडतात, सवयीने दुसऱ्या तारेकडे धावतात. धावू देत, ओढून परत आणायची.

आणि शिकवतानाच हे का सांगत नाहीत? पहिल्या दिवसापासून नुसते ठिपक्यांचे तक्ते हातात. कुठे बोट ठेवायचं ते सगळे सांगतात, "आधी गाऊन दाखव, मग वाजव" म्हणणारं कुणी भेटत नाही. इतकी वर्षं आकार घोटून घेतले आणि आता वर तोंड करून विचारतात, तुला नवीन काही सुचत कसं नाही?