शकिराचा खरा संघर्ष करारानंतर सुरू झाला

गाणं शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये पॉप गायिका शकिराची एक गोष्ट मेसेजमधून सारखी फिरत असते. कोलंबियातल्या दरिद्री घरातली मुलगी. शाळेत बाई म्हणाल्या, तू बकरीसारखी गातेस, आणि तिला बाहेर काढलं. तिने जिद्द सोडली नाही, तेराव्या वर्षी मोठ्या कंपनीने तिला हेरलं आणि रातोरात ती जगाची स्टार झाली. यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच बाकीचंही खपून जातं. पण हा मेसेज जिथे पाच वर्षांची उडी मारतो, तिथेच तिचा सगळा संघर्ष आहे. ज्या मुलांना नेमका तोच भाग कळायला हवा त्यांच्याच हातात ही अर्धवट गोष्ट ठेवली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

आधी दारिद्र्याचं बघू. शकिराचा जन्म 1977 चा, बारांकिया या बंदराच्या शहरातला. वडील विल्यम मेबारक लेबनानी वंशाचे, त्यांचा दागिन्यांचा व्यवसाय होता. ती आठेक वर्षांची असताना वडिलांचं दिवाळं निघालं. तिला काही काळ लॉस एंजेलिसला नातेवाइकांकडे ठेवलं होतं. परत आली तेव्हा घरातल्या बऱ्याच वस्तू विकून झाल्या होत्या. हा घाव मोठाच होता. पण आपल्याहून वाईट अवस्था कुणाची असते हे दाखवायला वडील तिला एका बागेत घेऊन गेले. तिथे अनाथ मुलं डिंकाची नशा करत बसलेली असत. ती बाग पुढे तिच्या मनातून गेली नाही, आणि मोठी झाल्यावर तिने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. सुस्थितीतलं घर कोसळणं आणि जन्मापासून उपाशी असणं यांत फरक आहे. तो पुसून टाकला की बागेतल्या त्या मुलांवर अन्याय होतो.

बकरीचा प्रसंग मात्र खरा आहे. तो तिने स्वतःच सांगितलाय. दुसरीत असताना तिला शाळेच्या समूहगानात घेतलं नाही, कारण तिच्या आवाजात कंप फार होता. आता समूहगान बसवणाऱ्या कुणालाही विचारा. दहा-वीस गळे एकजीव व्हायला हवेत तिथे असा एक आवाज वेगळा उठून येतोच. निवड म्हणून बाईंचा निर्णय समजू शकतो, पण सात-आठ वर्षांच्या मुलीला असं बोलणं क्रूरच. मेसेजचा रोख असा, की तो शब्द लागला म्हणून ती पेटून उठली. मला हे अजिबात पटत नाही. लहानपणापासून वडिलांना टाइपरायटरवर लिहिताना बघून तिने तसाच टाइपरायटर हवा म्हणून हट्ट धरला होता, आणि सातव्या वर्षी तो मिळाला. तिचा सावत्र भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्यानंतर वडील डोळ्यांतलं दुःख लपवायला काळा चष्मा लावत. आठव्या वर्षी तिने पहिलं गाणं लिहिलं ते त्या चष्म्यावर. तिला घडवलं ते या घराने आणि या लिहिण्याच्या सवयीने. अपमानाला गुरूच्या जागी बसवू नका.

‘कंपनीने हेरलं’ हेही सरळ नाही. बारांकियाच्या एका हॉटेलात तिने सोनी कोलंबिया या संगीत कंपनीच्या सिरो वार्गास यांना गाऊन दाखवलं. त्यांनी तिची कॅसेट ऑफिसात नेली, तर तिथे कुणाला ती फारशी भावली नाही. वार्गासनी नाद सोडला नाही. राजधानी बोगोटात कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांसमोर तिला उभं केलं. तिने तीन गाणी म्हटली आणि तीन अल्बमचा करार झाला. एका माणसाने आपला शब्द पणाला लावला होता. मेसेजमध्ये त्याचं नावही नसतं.

आणि आता ती गाळलेली वर्षं. पहिला अल्बम ‘मागिया’ 1991 मध्ये आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याच्या फारच थोड्या प्रती खपल्या. 1993 मध्ये चिलीच्या विन्या देल मार महोत्सवात ती तिसरी आली, तरी त्याच वर्षीचा ‘पेलिग्रो’ही आपटला. तीनपैकी दोन संधी संपल्या होत्या आणि वय होतं सोळा. तिने गाणं थोडं बाजूला ठेवून शाळा पूर्ण केली, ‘एल ओआसिस’ नावाच्या मालिकेत काम केलं. मग अनेक कलाकारांच्या गाण्यांच्या एका संकलनासाठी दिलेलं तिचं एक गाणं कोलंबियात गाजलं आणि दार किलकिलं झालं. तिसऱ्या अल्बमसाठी कंपनीने एक लाख डॉलर दिले, कारण एक लाखाच्या वर प्रती जाणार नाहीत असा त्यांचा हिशोब होता. या वेळी निर्माते लुईस फर्नांडो ओचोआ यांच्यासोबत निर्मितीत ती स्वतः उतरली, गाणी आपल्या मनासारखी केली. ऑक्टोबर 1995 मध्ये आलेला ‘पिएस देस्काल्सोस’ दहा लाखांच्या कितीतरी पुढे गेला. पहिले दोन अल्बम तिने पुन्हा बाजारात येऊ दिले नाहीत. रातोरात म्हणतात ती रात्र ही अशी, चौदा ते अठरा.

इंग्रजीत गायली म्हणून नाव झालं, असं एक शेपूटही हल्ली या मेसेजला जोडलेलं असतं. तिचा पहिला इंग्रजी अल्बम नोव्हेंबर 2001 चा. त्याच वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे त्याच्या नऊ महिने आधी, तिला स्पॅनिश गाण्यांच्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या अल्बमसाठी ग्रॅमी हे संगीतातलं मोठं पारितोषिक मिळालेलं होतं.