ताजचं भूत गोरंच कसं काय?

मामांनी सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही कधीतरी आलाच असेल. मुंबईचं ताज हॉटेल म्हणे उलटं बांधलंय, गोरा आर्किटेक्ट प्लॅन देऊन विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर हॉटेलचं तोंड गावाकडे न् पाठ समुद्राकडे, मग त्याने वरून उडी मारली आणि अजून जुन्या विंगमध्ये फिरतो. खाली आत्याने हात जोडलेत. कशाला ते तिलाच ठाऊक.

मामा, रागावू नका, पण मुळात प्लॅन गोऱ्याचा नव्हताच हो. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. हे वैद्य म्हणजे व्हीटी स्टेशनच्या बांधकामात त्या स्टेशनचा आर्किटेक्ट स्टीव्हन्स याच्या हाताखाली असिस्टंट इंजिनिअर होते, नवशिके नव्हेत. काम अर्धवट असतानाच ते वारले आणि उरलेलं डब्ल्यू. ए. चेंबर्सने पुरं केलं, म्हणजे तुमचा गोरा आला तो शेवटी. कॉन्ट्रॅक्टर सोराबजी रतनजी, आतला तो प्रसिद्ध अधांतरी जिना त्यांचाच. आता एवढी माणसं रोज साइटवर असताना अख्खी बिल्डिंग उलटी चढली आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही? आमच्या सोसायटीत पार्किंगची भिंत वीतभर सरकली तरी चेअरमन टेप घेऊन खाली येतात.

तोंड गावाकडे होतं हे मात्र खरंय, पण मुद्दाम. घोडागाड्या गावातूनच यायच्या म्हणून प्रवेश तिकडून, आज जिथे स्विमिंग पूल आहे तिथे, आणि समुद्राचा वारा खोल्यांना. आपण गेटवेसमोर उभं राहून सेल्फी काढतो म्हणून ती बाजू 'पुढची' वाटते. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, तेव्हा गेटवेचा पत्ताच नव्हता, त्याचा पायाचा दगड १९१३ चा न् उद्घाटन १९२४ मध्ये.

राहिलं भूत. आपल्या शनिवारवाड्यातल्या 'काका मला वाचवा'च्या मागे निदान १७७३ चा नारायणरावांचा खून तरी आहे. इथे प्लॅन दुसऱ्याचा, दिशा मुद्दाम ठेवलेली, मग चेंबर्सने उडी मारायची ती कशापायी? रात्री तिथे फिरायचा हक्कच असेल तर तो वैद्यांना, पुरं झालेलं हॉटेल त्यांनी बघितलंच नाही. तेव्हा मामा, पुढे पाठवायचाच असेल तर निदान भुताचं नाव बदलून पाठवा.